अल्पमोली इलेक्ट्रिक गिटारची घरगुती दुरुस्ती : तत्त्वे, पद्धती आणि मर्यादा (हिंगोली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

सारांश

गेल्या काही वर्षांत इलेक्ट्रिक गिटार हे वाद्य महानगरांपुरते मर्यादित न राहता जिल्हा व तालुका पातळीवरील विद्यार्थ्यांच्या घरांत पोहोचले आहे. यांतील बहुतांश वाद्ये अल्प किमतीची असतात आणि अल्पावधीत बिघडतात. दुरुस्तीची सोय जवळ नसल्याने ती वापराबाहेर जातात. प्रस्तुत लेखात अशा वाद्याच्या बिघाडांची कारणे, दोषनिदानाचा क्रम, घरी करता येण्याजोगी दुरुस्ती, तिच्या मर्यादा व विद्युत सुरक्षितता यांचे विवेचन केले आहे. बहुतेक दोष वाद्याच्या मुख्य घटकांत नसून सांधे, जोडण्या व सरकते भाग यांत असतात, हे येथील प्रमुख प्रतिपादन आहे. या दुरुस्तीचा महाविद्यालयीन अध्यापनाशी असलेला संबंधही अखेरीस मांडला आहे.

बीजसंज्ञा : इलेक्ट्रिक गिटार, विद्युतचुंबकीय प्रवर्तन, दोषनिदान, अर्थिंग, तंतुवाद्य, कौशल्यशिक्षण.

१. प्रास्ताविक

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ या पाच तालुक्यांचा हा जिल्हा संत नामदेवांच्या नर्सी या गावामुळे वारकरी संप्रदायात परिचित आहे. कीर्तनपरंपरेमुळे वीणा, टाळ, मृदंग व हार्मोनियम ही वाद्ये येथील गावोगावच्या भजनी मंडळांत पिढ्यान्‌पिढ्या वाजत आली आहेत. या वाद्यांबरोबर त्यांच्या देखभालीचे ज्ञानही नांदत आले. मृदंगाला शाई भरणे, पेटीचा भाता सांधणे, सूर साफ करणे, वीणेची तार बदलणे ही कामे कोणी ना कोणी जाणकार परिसरातच करीत असतो.

इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत ही स्थिती नाही. हे वाद्य येथे परंपरेने आलेले नसून बाजारातून, बहुतेकदा घरपोच पार्सलने आले आहे. साधारणतः पाच ते दहा हजार रुपयांत गिटार, लहान ॲम्प्लिफायर व केबल असा संच मिळतो. विद्यार्थी हौसेने तो घेतो. काही महिन्यांत आवाज तुटू लागतो, खरखर सुरू होते किंवा सूर जुळेनासा होतो. वाद्य आले, पण त्याच्या दुरुस्तीचे ज्ञान त्याच्याबरोबर आले नाही. परिणामी शंभर-दोनशे रुपयांच्या दोषापायी हजारो रुपयांचे वाद्य माळ्यावर जाते आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष विद्यार्थी काढतो. दोष वाद्याचा असतो, शिकणाऱ्याच्या बोटांचा नव्हे. परंतु हे दाखवून देणारे कोणी नसते. ही उणीव भरून काढता येण्याजोगी आहे, कारण या दुरुस्तीसाठी लागणारी बहुतेक कौशल्ये जिल्ह्यात आधीपासूनच विखुरलेली आहेत. मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे झाळकाम आहे, सुताराकडे लाकडाची जाण आहे, गॅरेजवाल्याकडे फीलर गेज आहे आणि महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत मल्टीमीटर आहे.

२. वाद्याची रचना व कार्यतत्त्व

साध्या गिटारमध्ये तारेचे कंपन पोकळ पेटीमुळे मोठे होते. इलेक्ट्रिक गिटारचे धड बहुधा भरीव असते व ध्वनिवर्धनाचे काम विद्युत मंडलाकडे असते. जॉर्ज बोशँप व अडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३०च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत विकसित केलेल्या वाद्यापासून या प्रकाराचा व्यापारी प्रसार सुरू झाला. पुढे लिओ फेंडर यांनी १९५४ मध्ये बाजारात आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर या नमुन्याचे आराखडे इतके रूढ झाले की, आज मिळणारी अनेक अल्पमोली वाद्ये त्याच्याच धर्तीवर बनलेली असतात. दुरुस्तीच्या दृष्टीने ही बाब सोयीची आहे. या नमुन्यात दांडी धडाला स्क्रूंनी जोडलेली असते आणि बहुतेक विद्युत भाग एका प्लास्टिकच्या पट्टीखाली असतात. त्यामुळे वाद्य खोलणे व पुन्हा जोडणे तुलनेने सोपे जाते.

तारांखालील पिकअप हा या वाद्याचा गाभा होय. पिकअपमध्ये चुंबकाभोवती केसाहून बारीक, सुमारे ०.०६ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. चुंबकामुळे वरील पोलादी तार काही अंशी चुंबकीय बनते. ती कंप पावली की वेढ्यांतून जाणारा चुंबकीय अभिवाह बदलतो आणि मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या नियमानुसार वेढ्यांत तेवढ्याच वारंवारतेचा विद्युत दाब निर्माण होतो. नायलॉनची तार लावल्यास हे वाद्य मुके राहते, याचे कारण हेच. निर्माण होणारा दाब अत्यल्प, व्होल्टच्या दशांशाच्या आसपासचा असतो. तो आवाज व स्वररंग नियंत्रित करणाऱ्या बदलत्या रोधकांतून, म्हणजे पॉट्समधून, जॅकपर्यंत व तेथून केबलने ॲम्प्लिफायरकडे जातो. संकेत इतका दुर्बल असल्यामुळे या मार्गातील एखादा सैल सांधाही लगेच जाणवतो.

यांत्रिक बाजूने पाहता गिटार ही सतार-तंबोऱ्याची दूरची नातलग आहे. सतारीतील पडदे, घोडी, अटी, दांडी व खुंट्या या सर्वांची प्रतिरूपे येथे आहेत. मुख्य फरक पडद्यांचा. सतारीचे पडदे धाग्याने बांधलेले व सरकवता येणारे असतात, तर गिटारचे पडदे दांडीत कायमचे ठोकलेले असतात. सप्तकाचे बारा समान भाग करण्याच्या पद्धतीनुसार त्यांच्या जागा ठरतात. तारेची कंपनलांबी ६४८ मिलिमीटर असेल तर पहिला पडदा अटीपासून सुमारे ३६.४ मिलिमीटरवर व बारावा पडदा बरोबर मध्यावर, म्हणजे ३२४ मिलिमीटरवर येतो. साधी मोजपट्टी लावून हे पडताळता येते. पडदेच चुकीच्या जागी बसविलेले असतील तर घरगुती दुरुस्तीने ते वाद्य सुरात येणार नाही. सुदैवाने पडद्यांच्या खाचा यंत्राने कापल्या जात असल्यामुळे हा दोष विरळा असतो.

३. दोषनिदानाचा क्रम

दुरुस्तीतील सर्वांत मोठी चूक म्हणजे निदानापूर्वीच हत्यार उचलणे. आवाज येत नसल्यास प्रथम केबल बदलून पाहावी, नंतर तीच केबल दुसऱ्या वाद्याला किंवा ॲम्प्लिफायरला लावावी. संशयित भाग एकेक करून निर्दोष भागाने बदलत गेल्यास दोष केबल, ॲम्प्लिफायर की गिटार यांपैकी कशात आहे हे निश्चित होते. अनेकदा शोध येथेच संपतो. केबल प्लगजवळ वारंवार वाकत असल्यामुळे ती आतून तुटते, हा सर्वाधिक आढळणाऱ्या दोषांपैकी एक होय.

दोष गिटारमध्ये आहे असे ठरल्यास वाद्य न उघडता एक महत्त्वाची चाचणी करता येते. ॲम्प्लिफायरपासून सोडविलेल्या केबलच्या मोकळ्या टोकाला, प्लगचे टोक व बाहेरचा दांडा यांमध्ये मल्टीमीटरने रोध मोजावा. एकेरी पिकअपचा रोध साधारणतः ५ ते ८ किलो-ओहम असतो व त्याच्याशी जोडलेला आवाजाचा पॉट बहुधा २५० किलो-ओहमचा असतो. आवाज पूर्ण ठेवला असता हे दोन्ही समांतर जोडणीत येतात. पिकअप ६ किलो-ओहमचा असल्यास वाचन सुमारे ५.९ किलो-ओहम येते. यावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(अ) वाचन अनंत आल्यास जॅकची जोडणी तुटलेली आहे.
(आ) आवाज पूर्ण असतानाही वाचन शून्य आल्यास संकेताची तार कोठेतरी अर्थच्या भागाला चिकटलेली आहे.
(इ) वाचन २५० किलो-ओहमच्या जवळ आल्यास जॅक व पॉट ठीक असून पिकअप किंवा निवड-स्विच यांत खंड आहे. स्विचच्या सर्व स्थितींत हेच वाचन आल्यास स्विचवर संशय घ्यावा, एकाच स्थितीत आल्यास त्या पिकअपवर.
(ई) केबल हलविताच वाचन उड्या मारू लागल्यास जॅक सैल आहे.

पॉट हळूहळू शून्याकडे फिरविल्यास वाचन आधी वाढते आणि नंतर उतरून शून्यावर येते. पॉटचे दोन भाग व पिकअप मिळून २५६ किलो-ओहमची साखळी बनते. ती जेथे बरोबर निम्मी विभागली जाते तेथे वाचन महत्तम, म्हणजे ६४ किलो-ओहम असते. वाचन मध्येच तुटत असेल तर पॉटच्या आतील पट्टी झिजली किंवा मळली आहे असे समजावे.

४. विद्युत भागांची दुरुस्ती

४.१ जॅक व सांधे : सैल जॅकची चाकी पान्याने आवळताना आतील जॅक हाताने धरून ठेवावा. अन्यथा जॅक स्वतःभोवती फिरून तारा तोडतो. जॅकची स्प्रिंगपट्टी सैल पडली असल्यास ती हलकेच आत वाकवावी. तुटलेल्या तारा जोडण्यासाठी २५ ते ४० वॅटचा सोल्डरिंग आयर्न आणि राळयुक्त कथिल-शिशाची तार पुरते. पत्रेकामातील आम्लयुक्त द्रावण येथे वापरू नये, कारण ते पुढे तारा खाते. झाळकामाचा नियम असा की, आधी सांधा तापवावा आणि सांध्याच्या उष्णतेने कथिल वितळू द्यावे. आयर्नवर वितळविलेले कथिल थंड सांध्यावर टाकल्यास ते वरवर चिकटते व मंद, दाणेदार दिसते. असा ‘थंड’ सांधा काही दिवसांत पुन्हा सुटतो. कारखान्यात घाईने झालेले असे सांधे अल्पमोली वाद्यांत पुष्कळदा आढळतात. ते नव्याने तापवून थोडे नवे कथिल दिल्यास वाद्य पूर्ववत होते. शिसे विषारी असल्यामुळे काम खिडकीजवळ करावे व नंतर हात साबणाने धुवावेत.

४.२ पॉट व स्विच : आवाजाचे बटण फिरविताना होणारी चरचर बहुधा धुळीमुळे असते. टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या फटीत थोडासा मारून बटण पंधरा-वीस वेळा पूर्ण फिरवावे. खाद्यतेल किंवा शिवणयंत्राचे तेल वापरू नये, कारण ते धूळ धरून ठेवते. पट्टीच झिजली असल्यास पॉट बदलावा. एकेरी पिकअपसाठी २५० व दुहेरी पिकअपसाठी ५०० किलो-ओहमचा पॉट रूढ आहे.

४.३ गुणगुण : घरगुती विद्युतपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे पंख्याचे रेग्युलेटर, चोकवाली ट्यूबलाइट, मोटार यांभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रांतून ५० हर्ट्झ व तिच्या पटींची गुणगुण पिकअपमध्ये शिरते. यातील निदानाचा नियम सोपा आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर वाद्याची अर्थ-जोडणी शाबूत आहे. कमी होत नसेल किंवा उलट वाढत असेल तर घोडीपासून पॉटच्या पाठीपर्यंत येणारी तार तुटलेली आहे. ती पुन्हा झाळली की मोठा फरक पडतो. मात्र एकेरी पिकअपमधील थोडी गुणगुण त्याच्या रचनेतच आहे. ती घालविण्यासाठीच सेथ लव्हर यांनी १९५०च्या दशकात गिब्सन कंपनीत दोन विरुद्ध वेढ्यांचा पिकअप तयार केला. त्यात बाहेरून आलेली गुणगुण दोन्ही वेढ्यांत परस्परविरुद्ध होऊन नष्ट होते व तारेचा संकेत मात्र मिळून वाढतो. अल्पमोली वाद्यात खोबणीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडणे हा उपाय अंशतः उपयुक्त ठरतो. त्याने स्पार्किंगसारखा विद्युत क्षेत्रातून येणारा खरखराट घटतो, चुंबकीय गुणगुण मात्र राहते.

५. यांत्रिक दुरुस्ती व सूरमेळ

येथे क्रम पाळणे अत्यंत आवश्यक आहे, कारण प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्यावर परिणाम करतो. क्रम असा : नव्या तारा, सूर लावणे, दांडीचा बाक, अटीच्या खाचा, घोडीची उंची आणि शेवटी सूरमेळ.

सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण साधारणतः ४५ किलोग्रॅमच्या घरात असतो. या ताणाने दांडी पुढे वाकू नये म्हणून तिच्या पोटात ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई असते. पहिला व शेवटचा पडदा यांवर तार दाबून धरली असता सातव्या पडद्याशी तार व पडदा यांत ०.२ ते ०.३ मिलिमीटर फट असावी. मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची फट मोजण्यासाठी गॅरेजमध्ये असलेले फीलर गेज येथे चपखल उपयोगी पडते. फट अधिक असल्यास सळई घड्याळाच्या दिशेने आवळावी, कमी असल्यास सैल करावी. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये व लाकडाला स्थिरावण्यास काही तास द्यावेत. चावी जोर लावूनही फिरत नसेल तर थांबावे. सळई तुटल्यास दांडीच निकामी होते.

अटीच्या खाचा उथळ असतील तर पहिल्या पडद्यांवर तार दाबणे जड जाते व सूर चढतो. नवशिक्याची बोटे दुखण्याचे हे एक मोठे, पण दुर्लक्षित कारण आहे. तिसऱ्या पडद्यावर तार दाबली असता पहिल्या पडद्यावर कागदाएवढीच फट राहावी. खाच खोल करण्यासाठी गॅस वेल्डिंगच्या नोझल साफ करण्याच्या खरबरीत सुया वापरता येतात. खाच चुकून अधिक खोल गेल्यास खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकून त्यावर फेविक्विकचा थेंब सोडावा. ते मिश्रण क्षणात दगडासारखे होते व पुन्हा खाच पाडता येते.

तार वाजविताना होणारी खरखर हा विद्युत दोष नसून तार पडद्याला घासल्याचा परिणाम असतो. केवळ मोकळी तार खरखरत असेल तर अटीची खाच खोल आहे. पहिल्या चार-पाच पडद्यांवर खरखर असेल तर दांडी मागे वाकली आहे. सर्वत्र असेल तर घोडी खाली आहे. एकाच ठिकाणी असेल तर त्याच्या पुढचा पडदा वर आला आहे. स्टीलच्या पट्टीचा सरळ तुकडा तीन पडद्यांवर ठेवला असता तो डुगडुगला तर मधला पडदा उंच समजावा. तो लाकडी ठोकळ्याने हलकेच ठोकून बसवावा, तेवढ्याने न भागल्यास माथा बारीक कानशीने घासून ४००, ६०० व १००० क्रमांकाच्या पॉलिशपेपरने गुळगुळीत करावा. त्यापूर्वी आजूबाजूच्या लाकडावर कागदी चिकटपट्टी व पिकअपवर कापड अवश्य लावावे, कारण धातूचा कीस तेथे अडकून बसतो.

या संदर्भात भारतीय वाद्यपरंपरेतील एक विरोधाभास उद्बोधक आहे. गिटारमध्ये जो दोष मानला जातो तोच तंबोऱ्यात गुण ठरतो. तंबोऱ्याच्या रुंद व किंचित उतरत्या घोडीवर तार हलकेच स्पर्श करीत कंप पावते आणि त्यातून स्वरांशांनी समृद्ध असा नाद उमटतो. यालाच जवारी म्हणतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील लेखात या घोडीच्या वैशिष्ट्याची भौतिकशास्त्रीय चर्चा केली होती. जवारी लावणे हे मिरजेच्या वाद्यनिर्मात्यांचे खास कौशल्य होय. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात शस्त्रांची मागणी ओसरल्यावर फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून या व्यवसायाकडे वळली. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एका कामाचा हात दुसऱ्या कामाला कसा लागू पडतो, याचे हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे. कानस व डोळा दोन्ही ठिकाणी तेच; घर्षण हवे की नको एवढाच काय तो निर्णय वेगळा.

सूरमेळासाठी मोबाईलवरील ट्यूनर पुरेसा आहे. बाराव्या पडद्यावर दाबून काढलेला स्वर मोकळ्या तारेच्या स्वराच्या बरोबर दुप्पट वारंवारतेचा असावा. तो चढा असेल तर घोडीचा त्या तारेखालील भाग मागे सरकवून लांबी वाढवावी, उतरता असेल तर पुढे घ्यावा. ६४८ मिलिमीटर लांबीच्या वाद्यात एक मिलिमीटर सरकविल्याने दोन स्वरांतील अंतर सुमारे २.७ सेंटने बदलते. अर्धस्वर म्हणजे १०० सेंट, हे ध्यानात घेतल्यास ही जुळवणी किती सूक्ष्म आहे याची कल्पना येते. तारा जुन्या व गंजलेल्या असतील तर ही जुळवणी कधीच साधत नाही. म्हणून नव्या तारांचा टप्पा पहिला ठेवला आहे.

६. हवामानाचा परिणाम

मराठवाड्यातील कोरडा, कडक उन्हाळा आणि त्यानंतर येणारा दमट पावसाळा यांचा लाकडावर मोठा परिणाम होतो. लाकूड आर्द्रतेने आडवे फुगते व कोरड्या हवेत आकसते, धातूचे पडदे मात्र तसेच राहतात. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत पडद्यांची टोके दांडीच्या कडेबाहेर येऊन हाताला बोचू लागतात. ही टोके बारीक कानशीने तिरपी घासावीत. पावसाळ्यात दांडीचा बाक बदलतो, तारा व जॅक गंजतात. यासाठी वर्षातून किमान दोनदा, उन्हाळ्याच्या मध्यास व पावसाळा स्थिरावल्यावर, ट्रस रॉड तपासणे इष्ट होय. वाद्य पत्र्याच्या छताखाली, बंद वाहनात किंवा कूलरच्या थेट झोतात ठेवू नये. वाजविल्यानंतर तारा कोरड्या कापडाने पुसण्याच्या सवयीने त्यांचे आयुष्य बरेच वाढते.

७. विद्युत सुरक्षितता

वरील सर्व दोष वाद्याला मुके करतात. या भागातील दोष मात्र वादकाचा जीव घेऊ शकतो. गिटारच्या तारा घोडीमार्गे ॲम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. त्यामुळे वादकाचा हात सतत त्या अर्थच्या संपर्कात असतो. ॲम्प्लिफायरचे अर्थिंग योग्य असेल तर ही जोडणी निर्धोक असते. मात्र तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसविण्यासाठी तिसरी पिन काढून टाकली, किंवा घरातील अर्थिंगच तुटलेले असेल, तर ॲम्प्लिफायरमधील बिघाड थेट तारांवर विद्युत दाब आणतो. उत्सव-मंडपात गिटारचा ॲम्प्लिफायर एका जोडणीवर व ध्वनिक्षेपकाचा मायक्रोफोन दुसऱ्या जोडणीवर असतो. त्यांपैकी एकात दोष असल्यास एक हात तारांवर व ओठ किंवा दुसरा हात मायक्रोफोनवर अशा अवस्थेत विद्युत्धारा छातीतून वाहते. ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक लेस हार्वी यांचा १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्झी येथे रंगमंचावर सदोष अर्थिंगच्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मृत्यू झाला. ‘यार्डबर्ड्स’चे गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये स्वतःच्या घरी गिटार वाजविताना विजेच्या धक्क्याने दगावले.

म्हणून पुढील नियम अपवादाविना पाळावेत. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. वाजविण्यापूर्वी तारा व अर्थ यांमधील प्रत्यावर्ती दाब मीटरने मोजावा व काही व्होल्टांहून अधिक वाचन आल्यास तपासणी होईपर्यंत वाद्य जोडू नये. ओल्या जमिनीवर अनवाणी वाजवू नये. गुणगुण घालविण्यासाठी अर्थची पिन कधीही तोडू नये. अर्थिंगची खात्री नसेल तेथे बॅटरीवर चालणारा लहान ॲम्प्लिफायर हा सुरक्षित पर्याय आहे. गिटारमधील मंडलाला स्वतःचा वीजपुरवठा नसल्यामुळे केबल काढल्यावर ते निर्धोक असते. ॲम्प्लिफायरचे तसे नाही. त्यातील धारित्रे प्लग काढल्यानंतरही भारित राहू शकतात, म्हणून त्याची दुरुस्ती या लेखाच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. पीळ पडलेली दांडी, तुटलेली ट्रस रॉड व पिकअपचे वेढे ही कामेही घरगुती दुरुस्तीच्या मर्यादेपलीकडची होत.

८. तार, संकेत आणि गोंगाट : एक स्थानिक संदर्भ

दुर्बल संकेत गोंगाटातून वेगळा काढणे हा केवळ गिटारचा प्रश्न नाही. हिंगोली जिल्ह्यातच औंढा नागनाथनजीक लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथमच नोंदविलेल्या गुरुत्वीय लहरीची वारंवारता सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात सुमारे ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली. गिटारच्या सर्वांत जाड मोकळ्या तारेची वारंवारता ८२.४ हर्ट्झ व वरून दुसऱ्या क्रमांकाच्या बारीक तारेची २४६.९ हर्ट्झ असते. म्हणजे त्या लहरीचा बराचसा प्रवास गिटारच्या मोकळ्या तारांच्या पट्ट्यातच झाला. लायगोतील ४० किलोग्रॅमचे आरसे काचेच्या अतिशुद्ध तंतूंवर टांगलेले असतात. हे तंतूही ताणलेल्या तारेप्रमाणे सुमारे ५०० हर्ट्झला कंप पावतात व शास्त्रज्ञ त्यांना ‘व्हायोलिन मोड’ असेच संबोधतात. तेथील नोंदींत अमेरिकी विद्युतपुरवठ्याची ६० हर्ट्झची रेषाही दिसते. परिमाणांत अर्थातच प्रचंड अंतर आहे. परंतु अर्थिंग, आवरण, कंपन व संकेत हे शब्द दोन्हीकडे समान आहेत. ज्या विद्यार्थ्याने गिटारमधील ५० हर्ट्झची गुणगुण स्वतःच्या हाताने शोधून कमी केली आहे, त्याला आपल्याच जिल्ह्यातील या प्रकल्पाची अडचण परकी वाटणार नाही.

९. शैक्षणिक उपयोग

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आंतरविद्याशाखीयता व कौशल्यशिक्षण यांवर भर देण्यात आला आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील हिंगोलीच्या महाविद्यालयांना कौशल्याधारित उपक्रमासाठी हा विषय सहज स्वीकारता येईल. पदार्थविज्ञानात समांतर रोध, प्रवर्तन व अनुनाद, गणितात गुणोत्तर श्रेणी व लघुगणक, रसायनशास्त्रात मिश्रधातू व गंज, वनस्पतिशास्त्रात काष्ठरचना आणि संगीतात शुद्ध व समान विभाजनाच्या स्वरांतील भेद असे घटक एकाच बंद पडलेल्या वाद्याभोवती गुंफता येतात. यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. विद्यार्थ्यांच्या घरी पडून असलेली दोन-तीन वाद्ये, एक मल्टीमीटर, एक सोल्डरिंग आयर्न व पाने-कानशींचा लहान संच एवढी सामग्री पुरेशी आहे. परिसरातील मोबाईल दुरुस्तीकार, सुतार व पेटी दुरुस्त करणारे कारागीर यांना अतिथी मार्गदर्शक म्हणून बोलाविल्यास ज्ञानाची देवाणघेवाण दुहेरी होईल. ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये स्वतंत्र पोर्टल सुरू केले. हा हक्क प्रत्यक्षात येण्यासाठी दुरुस्ती करू शकणारे हात मात्र स्थानिक पातळीवरच घडवावे लागतील.

१०. निष्कर्ष

१) अल्पमोली इलेक्ट्रिक गिटारचे बहुतेक बिघाड केबल, जॅक, झाळलेले सांधे, पॉट, अटी व दांडीचा बाक यांत असतात. ते अल्प खर्चात घरी दूर करता येतात.
२) दुरुस्तीचे यश हत्यारांपेक्षा निदानाच्या क्रमावर अवलंबून असते. रोधाच्या एका मोजमापातून विद्युत दोषाचे स्थान बऱ्याच अंशी निश्चित होते.
३) कोरडा उन्हाळा व दमट पावसाळा लक्षात घेता वर्षातून दोनदा देखभाल आवश्यक आहे.
४) अर्थिंगची तपासणी हा दुरुस्तीचा ऐच्छिक भाग नसून पहिली अट आहे.
५) आवश्यक कौशल्ये जिल्ह्यात विखुरलेल्या स्वरूपात उपलब्ध आहेत. ती एकत्र आणण्याचे कार्य महाविद्यालये करू शकतात.

वीणा, मृदंग व पेटी या वाद्यांना येथील समाजाने केवळ वाजविले नाही, तर सांभाळलेही. गिटारच्या वाट्याला अद्याप पहिलीच गोष्ट आली आहे. दुरुस्तीचे ज्ञान रुजल्यास हे वाद्यही येथील घरांत टिकेल आणि त्याबरोबर ते शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा आत्मविश्वासही.